गोठ्यात लस, मग वसतिगृहात का नको?



गळीत हंगाम आटोपला. बॉयलर थंड झाले, गव्हाण मोकळी पडली आणि कारखान्यात दुरुस्तीची ठोकाठोक सुरू आहे. शेतावर आडसाली लागणीसाठी राने तयार होत आहेत. याच दिवसांत आपल्या शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयात नव्या मुलांची गर्दी सुरू होते. बापाच्या हातात पेटी, पोराच्या खांद्यावर गादीची वळकटी, आईने दिलेला चिवडा-लाडवांचा डबा, असा संसार घेऊन आपली पोरेपोरी वसतिगृहात दाखल होतात. एका खोलीत तीन, कुठे चार. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद. आणि श्रावण सरायच्या आत वसतिगृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकल्याचा आवाज सुरू होतो.

दरवेळी आम्ही या पानावर ऊस, खत, पाणी आणि उतारा यांविषयी लिहितो. या खेपेला पोरांच्या छातीविषयी लिहायचे ठरविले आहे. ऊस सोडून हे भलतेच काय काढले, असे कोणी म्हणेल. पण ज्या पोरांसाठी आपण ऊस लावतो, त्यांच्याविषयी या पत्रिकेत लिहायचे नाही तर कुठे लिहायचे?

गेल्या श्रावणातली गोष्ट सांगतो. आपल्याच वसतिगृहात एका मुलाला सोमवारी रात्री ताप भरला. अंग मोडून आले, घसा बसला, खोकला सुरू झाला. बुधवारी अंतर्गत परीक्षा होती. परीक्षा चुकली तर गुण जाणार, हजेरी कमी पडली तर फॉर्म अडकणार. पोराने मेडिकलमधून तापाची गोळी आणली, ती घेतली आणि परीक्षेला बसला. मागेपुढे, शेजारी साठ मुले. शुक्रवारपर्यंत त्याच मजल्यावरची अकरा मुले अंथरुणाला खिळली. मग नेहमीचा इलाज झाला. ज्याला ताप आहे त्याने घरी जावे, असे सांगण्यात आले. शनिवारी ती मुले तशीच एसटीत बसली आणि आपापल्या गावी गेली.

त्यातल्या एका घरी आजोबा होते. जुने सभासद. कारखान्याचे धुराडे उभे राहायच्या आधी शेअर घेतलेल्यांपैकी. साखरेचा विकार होता, वय झाले होते. नातू आला म्हणून रात्रभर उशाशी बसले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. नातू चार दिवसांत हिंडू-फिरू लागला. आठव्या दिवशी आजोबांना तालुक्याच्या दवाखान्यात प्राणवायू लावावा लागला. ते घरी परत आले नाहीत. त्यांचा शेअर वारसाच्या नावे करण्याचा अर्ज मध्यंतरी कार्यालयात आला, तेव्हा आम्हाला ही हकीकत कळली.

नातवाच्या तापानेच आजोबा गेले, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. वय होते, साखर होती. पण त्या पोराच्या मनात ते घर करून बसले आहे. आणि आम्हाला विचाराल तर चूक त्या पोराची नाही. चूक आपली आहे. संस्था आपली, वसतिगृह आपले, नियम आपले. आजारी मुलाला झोपायला स्वतंत्र खोली नाही, आजारपणाची रजा नाही, आणि घरी पाठवताना घरात म्हातारे माणूस आहे का, एवढे विचारायची रीत नाही.

आता सन २०२२ चा पावसाळा आठवून पाहा. जनावरांत लंपी आला होता. अंगावर गाठी, तोंडाला फेस, दूध आटले. आपण काय केले? आजारी जनावर वेगळे बांधले. गोठा झाडला, धूर केला, माश्या-गोचिडांचा बंदोबस्त केला. जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या, ने-आण थांबली. आणि गोट पॉक्सची लस आली तेव्हा गावागावांत जनावरे रांगेने उभी राहिली. एकानेही विचारले नाही की माझा बैल धडधाकट आहे, त्याला सुई कशापायी? कारण प्रत्येकाला ठाऊक होते की शेजाऱ्याच्या गोठ्यातला रोग आपल्या गोठ्यात यायला बांध आडवा येत नाही.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प, फऱ्याची लस आपण जनावरांना टोचून घेतोच. लाळ्या-खुरकुताची तर वर्षातून दोनदा. उसाचेही तेच. काणीचा पट्टा दिसला तर आपण बेट पिशवीत घालून मुळासकट उपटतो आणि जाळतो. लागणीआधी बेणेप्रक्रिया करतो. तीन-चार वर्षांनी बेणे बदलतो. म्हणजे रोगी वेगळा काढा, जागा स्वच्छ ठेवा आणि रोग यायच्या आधी तयारी करा, हे शहाणपण आपल्याला कोणी शिकवायला नको. ते गोठ्यात आहे, रानात आहे. फक्त वसतिगृहाच्या फाटकापाशी ते कुठे गळून पडते, हाच आमचा प्रश्न आहे.

फ्लूचा ताप पसरतो कसा, ते थोडक्यात पाहू. आजारी माणूस खोकला, शिंकला, मोठ्याने बोलला की त्याच्या तोंडातून बारीक थेंब उडतात. मोठे थेंब हात-दोन हातांवर पडतात, बारीक मात्र बंद खोलीत हवेत तरंगत राहतात. ते दुसऱ्याच्या श्वासातून आत जातात. लागण झाल्यापासून साधारण एक ते चार दिवसांत ताप दिसू लागतो. पण खरी गोम अशी की, त्रास सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो, आणि पुढे पाच-सात दिवस देत राहतो. म्हणजे गोळी घेऊन ताप उतरविला तरी रोग देणे थांबत नाही. गोळीने मुलगा परीक्षेला बसण्याजोगा होतो, एवढेच. शेजारच्या बाकावरच्याला त्या गोळीचा काही उपयोग नाही.

हा ताप आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यात वाढतो. पुन्हा जानेवारी ते मार्चच्या सुमारास एक लहान लाट येते. पावसाळ्यात नवी मुले येतात, थंडी सरता सरता परीक्षा येतात. म्हणजे आपले शैक्षणिक वर्ष आणि तापाचे वर्ष हातात हात घालून चालते. तयारीही त्याच हिशेबाने करायला हवी. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय सोडली पाहिजे.

कोणी म्हणेल, तरण्याबांड पोरांना सर्दी-तापाने काय होते? इतिहास वेगळे सांगतो. १९१८ च्या जून महिन्यात मुंबईत इन्फ्लुएन्झा आला आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर त्याने देश झोडपून काढला. हिंदुस्थानात त्या साथीत एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसे गेली असावीत, असे अंदाज आहेत. आणि त्यात म्हाताऱ्यांइतकेच किंबहुना जास्त, वीस ते चाळीस वयाचे जवान बळी पडले. २००९ साली स्वाइन फ्लू आला, तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यात ३ ऑगस्टला झाला. ती चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. त्या महिन्यात पुण्यातल्या शाळा-महाविद्यालयांना कुलुपे लागली आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. तोही ताप तरुणांनाच जास्त धरीत होता.

पुढे कोरोना आला. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले. त्याच महिन्यात वसतिगृहे रिकामी झाली. साखर कारखान्यांनी त्या काळात हात धुण्याचे सॅनिटायझर बनविले, आणि २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर धाराशिव जिल्ह्यातल्या एका कारखान्याने इथेनॉलच्या प्रकल्पातून प्राणवायू तयार करून दाखविला. म्हणजे सहकार असो की साखर धंदा, मनात आणले तर आपल्या परिसरातून काय होऊ शकते, हे जगाने पाहिले. मग साथ ओसरल्यावर आपण एवढे सैल का पडलो? त्या वेळी घेतलेली तापमापके आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर महाविद्यालयाच्या कपाटात असतील. त्यांचे सेल तरी कोणी बदलले आहेत का?

आणखी मागे जाऊन एक गोष्ट सांगणे जरूर आहे. १८९७ साली प्लेगात सावित्रीबाई फुले पुण्याजवळ आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. आणि त्याच वर्षी पुण्यात सरकारी अंमलदारांनी घरात शिरून, जोरजबरदस्तीने रोगी शोधायला सुरुवात केली. परिणाम काय झाला? लोक घाबरले, चिडले आणि आजारी माणसे लपवू लागले. सेवा, लस आणि सक्ती असे तीन रस्ते एकाच वर्षी दिसले. पहिल्या दोहोंनी माणसे वाचतात. तिसऱ्याने रोग लपतो.

आपल्या वसतिगृहात तिसऱ्या रस्त्याचीच एक सौम्य आवृत्ती चालू आहे. आजारी पडलास तर गुण कापू, हजेरी कापू, घरी पाठवू. अशाने पोरगा आजार लपवील नाही तर काय करील? म्हणून आमचे म्हणणे असे आहे.

पहिली गोष्ट, आजारी खोली. मुलांच्या आणि मुलींच्या वसतिगृहात प्रत्येकी दोन खोल्या, शक्यतो तळमजल्याच्या टोकाला, समोरासमोर खिडक्या असलेल्या. स्वतंत्र संडास-न्हाणी. खाटांमध्ये अंतर. मेसमधले जेवण तिथेच पोचावे. दिवसातून दोनदा ताप आणि ऑक्सिमीटरवरचा आकडा वहीत लिहावा. ताप गोळीशिवाय चोवीस तास उतरलेला राहीपर्यंत मुलाने वर्गात जाऊ नये. याला इमारत बांधायला नको, टेंडर काढायला नको. आहे त्या खोल्यांत भागते. घरी जायचेच असेल तर पालकांना आधी फोन करावा, घरात म्हातारे, गरोदर बाई, तान्हे मूल, दम्याचा किंवा साखरेचा रोगी आहे का ते विचारावे, आणि असेल तर मुलाला चार दिवस आपल्याकडेच ठेवावे.

दुसरी गोष्ट, हजेरी. पंचाहत्तर टक्क्यांची अट विद्यापीठाची आहे, ती आपण मोडू शकत नाही. पण अंतर्गत परीक्षा पुन्हा घेणे प्राचार्यांच्या हातात आहे. आजारी खोलीच्या वहीत ज्याचे नाव आहे, त्याची अंतर्गत परीक्षा आठवड्याने पुन्हा व्हावी आणि बुडालेल्या प्रात्यक्षिकाला दुसरा वार मिळावा. आजारपणाच्या हजेरीसाठी जी काही सवलत विद्यापीठाच्या नियमात बसत असेल, तिची शिफारस महाविद्यालयाने स्वतःहून करावी. त्यासाठी मुलाला खेटे घालायला लावू नयेत.

तिसरी गोष्ट, धोक्याची खूण. साधा ताप-खोकला असेल तर विश्रांती, पाणी, पेज आणि तापाची गोळी पुरे. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक चालत नाही. खोलीतल्या मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेणे तर निव्वळ अडाणीपणा आहे. पण दम लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखे निळी पडणे, गुंगी येणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. ज्याला आधीपासून दमा, हृदयविकार किंवा मधुमेह आहे, त्याने पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. फ्लूवरचे ओसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर जास्त गुण देते, आणि ते द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. या खुणांचा तक्ता प्रत्येक मजल्यावर ठळक अक्षरांत लावावा आणि कारखान्याची रुग्णवाहिका रात्री कोणाला फोन केला की येते, तो क्रमांक त्याखाली लिहावा.

चौथी गोष्ट, हवा. वर्गाच्या आणि खोल्यांच्या खिडक्या पावसातही उघड्या राहाव्यात, म्हणून त्यांवर पत्र्याची लहान छपरी बसवावी. कारखान्याच्या फॅब्रिकेशन खात्यात रिकाम्या दिवसांत हे काम सहज होईल. खोकणाऱ्याने मास्क लावावा, नाही तर कोपरात तोंड घालून खोकावे. मेसमधल्या आचारी-वाढप्यांना ताप असेल तर त्यांना पगारी सुट्टी द्यावी, नाही तर तोही बिचारा रोजासाठी आजार लपवील.

पाचवी गोष्ट, लस. इथे थोडे सविस्तर सांगावे लागेल.

आईबाप म्हणतात, “लहानपणी सगळ्या लसी झाल्यात की.” झाल्या असतील. पण सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षीही एकेक टोचणी आहे. ती टीडीची, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची. माणसाचा घटसर्प घशात पडदा धरून श्वास कोंडतो, हे आपण विसरत चाललो आहोत. सोळाव्या वर्षी पोरगे शाळा सोडून ज्युनियर कॉलेजात गेलेले असते, म्हणून ही टोचणी नेमकी राहून जाण्याचा संभव असतो. गोवर-रुबेलाची मोहीम आपल्या राज्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. आज महाविद्यालयात असलेली बरीच मुले त्या वेळी शाळेत होती, तेव्हा त्यांना ती मिळालेली असण्याची शक्यता आहे. ज्यांची चुकली त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला होता, हे ध्यानात ठेवावे. म्हणून प्रवेशाच्या कागदांत जातीचा दाखला, गुणपत्रिका यांच्याबरोबर लसीचे कार्डही मागावे. नसेल तर प्रवेश अडवू नये. फक्त यादी करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला विनंती करून महाविद्यालयातच एक दिवस टोचणीचा ठेवावा.

फ्लूच्या लसीचे प्रकरण निराळे आहे. या रोगाचा विषाणू सारखा रूप पालटतो, म्हणून लसही दरवर्षी नवी बनते आणि दरवर्षी घ्यावी लागते. बेणे बदलावे लागते, तसेच हे. टोचल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी तिचा गुण दिसू लागतो. म्हणून ती साथ सुरू व्हायच्या आधी, पावसाळ्याच्या तोंडाला किंवा प्रवेशाबरोबर लगेच घ्यावी. ती शंभर टक्के राखण करीत नाही, हेही स्पष्ट सांगतो. ज्या वर्षी लस आणि विषाणू यांची जुळणी चांगली असते, त्या वर्षी दवाखान्याची पायरी चढण्याचा धोका ती सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. पण ठिबक बसविले म्हणून पाटाचे पाणी पूर्ण बंद होत नाही, तरी निम्मे पाणी वाचले तर आपण खूश असतोच ना? टोचणीच्या लसीत विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, बस्स.

खोकल्याचा विषय निघाला म्हणून क्षयाचेही बोलून घेऊ. बाळपणी टोचलेली बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचविते, पण जवानीत फुप्फुसाच्या क्षयापासून तिचा भरवसा धरता येत नाही. दोन आठवडे खोकला हटला नाही, वजन उतरले, रात्री घाम फुटतो, असे दिसले तर थुंकी तपासावी. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून रोग्याला आहारासाठी दरमहा १००० रुपये मिळण्याची सोय झाली आहे. औषध नीट लागू पडले की काही आठवड्यांत त्याच्यापासून इतरांना असलेला धोका खूपच कमी होतो. तेव्हा क्षय निघाला म्हणून पोराची गादी रस्त्यावर टाकणे, हे माणुसकीला आणि शास्त्राला, दोहोंना धरून नाही.

आता हरकतींकडे वळू. पहिली हरकत पैशाची. फ्लूची लस सरकारी फुकट यादीत नाही, विकत घ्यावी लागते आणि ती स्वस्त नाही, हे खरे आहे. उसाच्या बिलातून आधीच कपाती काय कमी आहेत, आणखी एक कशाला, हे सभासदांचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. म्हणून टनामागे कपात करा, असे आम्ही म्हणत नाही. आमचा हिशेब असा. आजारी खोली, पुन्हा परीक्षा, तक्ता, खिडक्या, मेसवाल्यांची सुट्टी, या पहिल्या चार गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागतो तो इरादा. टीडी सरकारकडून मिळते. फ्लूच्या लसीसाठी संस्थेने आधी दमा, मधुमेह, हृदयविकार असलेली मुले, मेसचे नोकर आणि रेक्टर यांचा खर्च उचलावा. ही माणसे थोडी असतात. बाकीच्यांसाठी संस्थेने घाऊक भावाने लस मागवावी आणि ज्या पालकांना परवडेल त्यांनी पैसे भरून घ्यावी. खत एकगठ्ठा घेतले तर भाव उतरतो, हे आपण सोसायटीत शिकलोच आहोत.

दुसरी हरकत अशी की, पोरे सोंगे काढतील. आजारी खोलीत जाऊन परीक्षा चुकवतील. चुकवतील थोडी. पण पुन्हा परीक्षा द्यायचीच आहे म्हटल्यावर सोंगाचा फायदा काय? शिवाय आजारी खोलीत मित्र नाहीत, गप्पा नाहीत, जेवायला पेज आणि मऊ भात. सोंगाड्या दोन दिवसांत आपोआप बरा होतो. चार सोंगाड्यांच्या भीतीने चाळीस खऱ्या आजाऱ्यांना वर्गात बसवायचे, हा हिशेब आम्हाला पटत नाही.

तिसरी हरकत उलट बाजूची. काही उत्साही मंडळी म्हणतात, लस सक्तीची करून टाका, न घेणाऱ्याला वसतिगृहात घेऊच नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालये उघडली, तेव्हा दोन डोसांची अट होती, हे ते दाखवितात. तो महासाथीचा काळ होता. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. आम्हालाही सक्ती मान्य नाही. प्लेगाच्या वेळचा धडा वर सांगितलाच आहे. सहकाराचे बीज सक्तीत नाही, समजावण्यात आहे. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांना शेअर घ्यायला लावले ते बंदुकीच्या धाकाने नव्हे. त्यांनी गावोगाव फिरून माणसे वळविली. लसीसाठीही तेच करावे लागेल. डॉक्टरांना बोलवा, पालकांच्या शंका ऐका, सुईला घाबरणाऱ्याची चेष्टा करू नका.

आणि एक. हंगामात आपल्या तळावर ऊसतोड टोळ्या येतात. त्यांची तान्ही मुले गाव सोडून आलेली असतात. नवव्या महिन्यातली गोवराची टोचणी, नंतरचे डोस अशा फिरतीत चुकतात. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आहेत. त्यांनी हंगामाच्या सुरुवातीला कोप्या-कोप्यांत फिरून बाळांची यादी करावी आणि आशाताईंच्या हाती द्यावी. ज्या पोराने स्वतः आजारी खोलीत चार दिवस काढले आहेत, त्याला दुसऱ्याच्या लेकराचा खोकला लवकर ऐकू येईल.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पुढे कारखान्यांच्या परिसरात महाविद्यालये उभी राहिली. शेतकऱ्याच्या पोराने पुण्या-मुंबईला परक्या घरात राहून शिकण्यापेक्षा आपल्या माणसांत राहून शिकावे, हा त्यामागचा एक हेतू होता. आपल्या माणसांत राहणे म्हणजे काय? तापाने फणफणलेल्या पोराला कोणी विचारायला असणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो जर आपण पुरा करू शकत नसू, तर भिंतीवर “विना सहकार नाही उद्धार” असे रंगवून काय उपयोग?

वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ येत आहे. उसाचा भाव, ठेवी, तोडणी-वाहतूक यांवर बोलायचेच आहे, आणि बोलावेच. पण सभासदांना आमची विनंती आहे की, वसतिगृहातल्या आजारी खोलीचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत ढकलू नये. आताच लेखी सूचना द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर छापून येईल. ठराव साधा असावा: संचालक मंडळाने शिक्षण संस्थेला शिफारस करावी की येत्या पंधरवड्यात दोन्ही वसतिगृहांत आजारी खोली सुरू व्हावी, आजारपणातली परीक्षा पुन्हा घ्यावी आणि टोचणीचा दिवस ठरवावा.

आणि सभेची वाट न पाहता एक काम आजच करता येईल. ज्यांची पोरेपोरी वसतिगृहात निघाली आहेत, त्यांनी पेटीत कपड्यांबरोबर लसीचे कार्ड ठेवावे. आणि निघताना पोराला एवढे सांगावे की, बाळा, ताप आला तर लपवू नकोस. परीक्षा पुन्हा देता येते.

जय सहकार!